“इथं अटकून राहिलं”: एका कूलर मिस्त्रीचं वाक्य मीम झालं तेव्हा

हे प्रकरण 2024 च्या उन्हाळ्यात सुरू झालं आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर संपलं. मी नागपुरात छोट्या दुकानदारांचे, कारागिरांचे व्हिडिओ एडिट करून देते. या मिस्त्रींचं कामही माझ्याकडेच होतं, त्यामुळे इथे चुकलेल्या निर्णयांमध्ये काही माझे आहेत. नाव, वस्ती आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. वाक्य मात्र तेच ठेवलं आहे. ते बदललं तर प्रकरणच उरत नाही, आणि तसं पाहिलं तर ते वाक्य विदर्भात रोज हजार तोंडांतून निघतं. लिहिण्याआधी दोन माणसांची परवानगी घेतली. त्यातले एक मिस्त्री, दुसरं माणूस पुढे येईल.

पार्श्वभूमी

नागपुरात होळी जवळ आली की गच्चीवरचे, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात आणि मिस्त्रींचे फोन खणखणायला लागतात. पंप पाणी ओढत नाही, मोटर जाम झाली, टाकीला गंजून भोक पडलं, ताट्यांमधलं गवत गेल्या वर्षीचंच राहून गेलं. पारा 45 च्या वर गेल्यावर एका दुपारचा उशीरही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. आमचे मिस्त्री 18 वर्षं हेच काम करतात. जुनी स्कूटर, मागे पत्र्याची पेटी, सीझनमध्ये दिवसाला सात-आठ घरं.

व्हिडिओ त्यांनी हौसेखातर सुरू केले नव्हते. “पंप चालू आहे पण पाणी चढत नाही” या एकाच तक्रारीचे इतके फोन यायचे की त्यांना जेवायला फुरसत मिळत नसे, आणि त्यातल्या बऱ्याच तक्रारी घरच्या घरी पाच मिनिटांत सुटणाऱ्या. एकदा नीट दाखवून ठेवलं तर लोकांचे पैसे वाचतील आणि आपला वेळ, एवढा साधा हिशेब. मोबाइल त्यांचा मुलगा धरायचा, तेव्हा तो सातवीत होता. दोन वर्षांत काही हजार लोक जोडले गेले. खाली येणारे प्रश्न नेमके असायचे: 18 वॅटचा पंप मोठ्या कूलरला पुरेल का, खस घ्यावी की साधं गवत, टाकी आतून रंगवावी का. मिस्त्री रात्री जेवण झाल्यावर एकेकाला उत्तर द्यायचे. मला ते चॅनल मनापासून आवडायचं.

मार्चच्या शेवटी एका आजींच्या अंगणात तो व्हिडिओ झाला. मिस्त्री उकिडवे बसले आहेत. टाकीतून पंप बाहेर काढतात, तळहातावर उलटा धरून पाणी निथळू देतात, खालची जाळी अंगठ्याच्या नखाने उचकटतात. चौकटीबाहेरून आजींचा आवाज येतो, “सापडलं का हो?” मिस्त्री लगेच बोलत नाहीत. आगकाडीचं टोक आत घालून फिरवतात. पंपाच्या इवल्याशा पात्याला गुंडाळलेला गवताचा एक ओला धागा बाहेर येतो. तो कॅमेऱ्यासमोर धरून म्हणतात, “हे काय, इथं अटकून राहिलं!”

वाक्य सुटं कसं झालं

गंमत म्हणजे मिस्त्री हे वाक्य दोन वर्षं प्रत्येक व्हिडिओत म्हणत आले होते. चॅनलचे जुने लोक त्याची वाटही पाहायचे. मग याच वेळी ते बाहेर का पडलं? मी ती क्लिप एडिटिंगच्या टेबलावर पन्नासदा तरी ऐकली असेल, आणि मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण आजींचा प्रश्न. बाकी व्हिडिओंत वाक्य एकटं येतं, इथे प्रश्न, मध्ये क्षणभर शांतता आणि मग उत्तर असा पूर्ण प्रसंग चार-पाच सेकंदांत बसला. मागे संगीत नाही, पंखा बंद, अंगणात दुपारची सामसूम. आवाज उचलून दुसऱ्या चित्रावर ठेवायला याहून सोपी जागा मिळत नाही.

दुसरं कारण “इथं” हा शब्द. त्याला स्वतःचा अर्थ नाही, बोट जिकडे दाखवावं तो त्याचा अर्थ. गवताचा धागा काढून त्या जागी गुणपत्रिकेतला गणिताचा आकडा ठेवा, अर्धवट पुलाचा खांब ठेवा, वयाची बत्तिशी ओलांडलेल्या मुलाचा बायोडाटा ठेवा, वाक्य बसतंच. मीम हा शब्द रिचर्ड डॉकिन्स यांनी 1976 मध्ये घडवला तो नकलेतून एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाणाऱ्या गोष्टीसाठी. अशी गोष्ट जाता जाता बदलते. बदलायला जागा नसलेलं वाक्य लोक दोन दिवस म्हणतात आणि सोडून देतात.

तिसरं कारण मला सगळ्यात उशिरा कळलं. आमच्याकडे “करून राहिला”, “येऊन राहिली” म्हणजे आत्ता करतोय, आत्ता येतेय. मिस्त्रींच्या मनात “अटकून राहिलं” म्हणजे फक्त “अडकतंय”. पुण्या-मुंबईच्या कानाला मात्र ते “अडकलं ते कायमचं अडकून पडलं” असं ऐकू गेलं. म्हणून तिकडे ते रखडलेल्या फायली, न मिळालेले फ्लॅट, न झालेली लग्नं यांच्यावर चढलं. एकाच वाक्याचे दोन अर्थ झाले आणि दुसरा अर्थ मिस्त्रींच्या गावीही नव्हता.

एप्रिलभर ते नागपुरातल्या वाहतुकीवर, लग्नाच्या वरातीवर फिरलं. 21 मे रोजी बारावीचा आणि 27 मे रोजी दहावीचा निकाल लागला, आणि त्या आठवड्यात ते हाताबाहेर गेलं.

अडचण

पहिली अडचण श्रेयाची. रीलमध्ये कोणी मूळ आवाज थेट वापरला तर त्यावर मूळ खात्याचं नाव लागतं. पण क्लिप उतरवून घेऊन पुन्हा टाकली की तो आवाज टाकणाऱ्याच्या नावावर जातो. सगळ्यात जास्त चाललेलं मीम अशाच उतरवलेल्या आवाजावर होतं. लाखो लोक मिस्त्रींना ऐकत होते आणि खाली नाव एका भलत्याच पानाचं होतं. त्या पानाला लगेच लिहायला हवं होतं. मी तेव्हा एका लग्नाच्या व्हिडिओत बुडाले होते, चार दिवस गेले. त्या चार दिवसांत आवाजाच्या आणखी नकला निघाल्या आणि मूळ कुठलं हे शोधायची कोणाला गरज उरली नाही.

दुसरी अडचण चेहऱ्याची. वाक्यावरचं हसू हळूहळू माणसावर सरकलं. धागा धरलेला, तोंड किंचित उघडं, कपाळावर घाम अशी एक चौकट कोणीतरी गोठवली आणि ती “अडाणी माणूस” दाखवायला वापरली जाऊ लागली. बोलीची नक्कल सुरू झाली, तीही बोली न येणाऱ्यांकडून. मिस्त्रींनी ते मनावर घेतलं नाही, निदान दाखवलं तरी नाही. पण सुट्टी संपून शाळा उघडली आणि वर्गातली पोरं मुलाला “ए अटकल्या” म्हणू लागली. एक दिवस वहिनींचा, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोचा, फोन आला. मुलाने बाबांना सांगितलं होतं की मला घ्यायला याल तर स्कूटर कोपऱ्यावर लावा, पेटी दिसायला नको.

तिसरी अडचण कामाची, आणि ती आम्हीच ओढवून घेतली. लोक मागत होते म्हणून मिस्त्रींनी वाक्य व्हिडिओच्या सुरुवातीलाच म्हणायला घेतलं, मग शेवटी पुन्हा. मीच तसं कापून देत होते. दोष सापडायच्या आधीच “अटकून राहिलं” म्हटल्यावर त्यात उरतं काय? खालचे नेमके प्रश्न आटले. गिऱ्हाइकं घरी बोलावून मोबाइल रोखून धरू लागली, “मिस्त्री, ते म्हणा ना!” सीझनच्या ऐन गर्दीत एका घरी त्यांना तीनदा म्हणायला लावलं आणि मजुरीत घासाघीस केली ती वेगळीच.

चौथी अडचण जूनच्या अखेरीस आली. एका शिकवणी वर्गाच्या जाहिरातीत मिस्त्रींचा आवाज ऐकू आला: “गणित इथं अटकून राहिलं? आजच प्रवेश घ्या.” आम्ही सगळे चक्रावलो, कारण आवाज हुबेहूब होता आणि मिस्त्रींनी असं काही बोललेलं नव्हतं. मुलाने कानाला लावून दोनदा ऐकलं आणि म्हणाला, “बाबा, हे तुम्ही नाही. तुम्ही ‘ह’ म्हणतच नाही.” खरंच होतं. मिस्त्री भरभर बोलताना “रायलं” म्हणतात. जाहिरातीतला आवाज लिहिलेलं वाचून दाखवावं तसा स्वच्छ “राहिलं” म्हणत होता. यंत्राने बनवलेला होता.

समोरचे पर्याय

ओळखीतल्या एकाने सांगितलं, सगळ्या मीमांवर कॉपीराइटची तक्रार टाका, सरळ होतील. एवढ्याशा वाक्यावर कॉपीराइट मिळत नाही, पण 1957 च्या कायद्याप्रमाणे ते चित्रण आणि ध्वनिमुद्रण मिस्त्रींचंच होतं, तेव्हा हत्यार हातात होतं. ते चालवलं असतं तर काय झालं असतं? यूट्यूबवर 90 दिवसांत तीन स्ट्राइक बसले की चॅनल बंद होऊ शकतं. मीम करणारी बहुतेक कॉलेजातली पोरं. टीका, समीक्षा यासाठी कायद्यात सूटही आहे. आणि एकदा “मिस्त्री तक्रारी टाकतात” अशी हवा झाली असती तर माया करणारेही तुटले असते. मला हा रस्ता पहिल्यापासून पटला नाही, आजही पटत नाही.

दुसरा पर्याय ट्रेडमार्कचा. एका एजंटाने वाक्य चार वर्गांत नोंदवायचा प्रस्ताव आणला: कपडे वर्ग 25, दुरुस्ती सेवा वर्ग 37, मनोरंजन वर्ग 41, शिवाय कूलरसाठी वर्ग 11. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी तेव्हा वर्गामागे 4,500 रुपये, म्हणजे एजंटाचे धरण्याआधीच 18,000. नोंदणी मिळाली तर 10 वर्षं टिकते. पण अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कोणीही हरकत घेऊ शकतं, आणि रोजच्या बोलण्यातलं वाक्य हे एकाच धंद्याची खूण आहे हे पटवणं सोपं नसतं. मी हे सगळं मांडल्यावर मिस्त्री म्हणाले, “ताई, माहा बाप हेच म्हणे. माहे उस्ताद हेच म्हणत. आता मी कागद करून सांगू का साऱ्याइले, का हे माहं आहे म्हणून?” त्या प्रश्नापुढे एजंटाचा प्रस्ताव टिकला नाही.

तिसरा पर्याय गप्प बसण्याचा. महिन्या-दोन महिन्यांत मीम आपोआप विझतं, हे बहुतेक वेळा खरं असतं. पण मुलाच्या शाळेतले दोन महिने लहान नसतात, आणि यंत्राचा आवाज विझायची वाट पाहण्यासारखी गोष्ट नव्हती.

या चर्चेतून एक गोष्ट आमच्यासाठी उलगडली आणि पुढचे सगळे निर्णय तिच्यावर झाले. आम्ही इतके दिवस “वाक्य, वाक्य” करत होतो, पण गोष्टी तीन होत्या: वाक्य, आवाज-चेहरा आणि काम. वाक्य लोकांचं होतं, ते जाऊ द्यायचं. आवाज आणि चेहरा मिस्त्रींचा होता, तिथे अडून राहायचं. काम तर त्यांचंच होतं आणि तेच आम्ही सांभाळत नव्हतो.

काय केलं

जाहिरातीचा निर्णय त्याच रात्री घेतला. 2021 च्या आयटी नियमांनुसार कोणाची तोतयागिरी करणारा मजकूर, त्यात कृत्रिमरीत्या बदललेली चित्रंही आली, तक्रारीनंतर 24 तासांत हटवायची जबाबदारी तेव्हा समाजमाध्यमांच्या मंचांवर होती. मूळ फाइल तारखेसकट माझ्याकडे होती, ती जोडून तक्रार केली. सोबत मिस्त्रींनी त्या शिकवणी वर्गाच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, “वाक्य काय तुमच्या बापाचं आहे का?” मिस्त्री शांतपणे म्हणाले, “वाक्य नाही. आवाज माहा आहे.” एका ओळखीच्या वकील ताईंनी नोटिशीचा मसुदा करून दिला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने दिलेला आदेश त्यात होता. त्यात नाव, आवाज, प्रतिमा यांच्यासोबत “झकास”ही आलं होतं. मे 2024 मध्ये जॅकी श्रॉफ यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने “भिडू”च्या धंदेवाईक वापरालाही लगाम घातला, पण त्यांच्यावर गमतीचा व्हिडिओ करणाऱ्या एका यूट्यूबरला मात्र लगेच रोखलं नाही. विनोद वेगळा आणि धंदा वेगळा, आमचाही भेद हाच होता. नोटीस पाठवायची वेळ आली नाही, जाहिरात दुसऱ्या दिवशी उतरली. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या यंत्र-नकलेवर अंतरिम आदेश दिला. तो आधी आला असता तर त्या रात्री आम्ही थोडं निवांत झोपलो असतो.

मीमांपैकी एकाच पानाला लिहिलं, ज्याच्यावर आवाज सगळ्यात जास्त चालला होता त्याला. मागणी साधी: मूळ चॅनलचं नाव द्या, आणि त्या गोठवलेल्या चौकटीवरची “अडाणी” ही पाटी काढा. चालवणारी मुलगी अमरावतीची निघाली. तिने दोन्ही केलं, माफीही मागितली. बाकी कोणालाही हात लावला नाही.

ट्रेडमार्कसाठी वाक्य सोडलं आणि दुकानाचं नाव फक्त वर्ग 37 मध्ये टाकलं. सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे हे मला इतकी वर्षं नागपुरात राहून माहीत नव्हतं, त्या निमित्ताने कळलं.

कामाच्या बाबतीत मी एक नियम घातला: दोष सापडल्याशिवाय वाक्य नाही. सापडला तरी तोंडात आलं तर म्हणायचं, नाहीतर नाही. मुलाला व्हिडिओच्या कामातून मोकळं केलं, स्टँड आणला. लांब व्हिडिओ सुरू केले, सीझन संपल्यावर कूलर धुऊन, वाळवून, झाकून ठेवण्यापर्यंतचे. याला पैशाची बाजूही होती. यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या जाहिरातीतला 55 टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो, शॉर्ट्समध्ये वाटणीला आलेल्या रकमेतला 45 टक्के, आणि ती रक्कम मुळातच हजारोंच्या गर्दीत वाटलेली असते.

विधानसभेच्या निवडणुकीआधी एका उमेदवाराची माणसं पैसे घेऊन आली, विरोधकाच्या कामावर बोट ठेवून वाक्य म्हणा म्हणून. मिस्त्रींनी चहा पाजून परत पाठवलं. त्यावर फार विचार करावा लागला नाही.

पुढे काय झालं

मीम ऑगस्टपर्यंत ओसरलं होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या मिरवणुकीत ते शेवटचं मोठ्याने ऐकू आलं. काळी-पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबतचे बडगे म्हणजे नागपूरचं सव्वाशे वर्षांहून जुनं मीमच आहे. वर्षभरात जे खुपलं त्याचा पुतळा करायचा, त्यावर पाटी लावायची आणि गावाबाहेर नेऊन जाळायचं. कोणीतरी मिस्त्रींना सांगितलं की एका बडग्यावर तुमचं वाक्य आहे. ते मुलाला घेऊन इतवारीत गेले. खड्ड्यात पाय रुतलेला कागदी पुतळा, छातीवर पाटी: “विकास इथं अटकून राहिला.” माणसं “घेऊन जा गे मारबत” ओरडत होती, मधूनच पाटीवरचं वाक्यही. मिस्त्रींना कोणी ओळखलं नाही. मुलगा बराच वेळ पाहत राहिला, मग त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, “बाबा, यांनी ‘राहिला’ केलं.” दुसऱ्या दिवशी शाळेत त्याने हे स्वतःहून सांगितलं, असं वहिनी म्हणाल्या. चिडवणं लगेच थांबलं नाही. स्कूटर मात्र पुन्हा फाटकाशी उभी राहू लागली.

मिळकतीचं म्हणाल तर मीमच्या महिन्यांनी जवळजवळ काही दिलं नाही. पुण्याहून आलेले फोन इथल्या मिस्त्रीच्या काय कामाचे? लांब व्हिडिओंनी पुढच्या सीझनला नागपुरातली नवी घरं दिली, आणि रात्रीचे नेमके प्रश्न परत आले.

वेगळं काय करता आलं असतं

चार दिवसांचा उशीर मी सांगितलाच. वाक्य सुरुवातीला चिकटवण्याचा मोह टाळायला हवा होता, एडिटर म्हणून ते माझं काम होतं. मुलाचं शाळेत काय चाललं आहे हे मी आधीच विचारायला हवं होतं, वहिनींच्या फोनची वाट न पाहता.

पण मला खरी लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्या क्लिपमध्ये दोन आवाज होते. वाक्य कोणाचं, आवाज कोणाचा यावर आम्ही चार महिने काथ्याकूट केला, वकील गाठला, नियम वाचले, आणि “सापडलं का हो?” विचारणाऱ्या आजींना एकदाही विचारलं नाही. चित्रण त्यांच्या अंगणात झालं होतं. परवानगी तोंडी, “काढू का व्हिडिओ?” “काढा की,” एवढीच. हे कुठे कुठे जाईल याची कल्पना आम्हाला नव्हती, त्यांना तर नव्हतीच. टी-शर्टवर दोन्ही वाक्यं छापली गेली होती. त्यातलं एक त्यांचं होतं.

दिवाळीनंतर मी आणि मिस्त्री त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या नातीने पुण्याहून ते मीम त्यांना पाठवलं होतं, आवाज आजीचाच आहे हे न कळता. आजींनाही कळलं नव्हतं. मी मोबाइल कानाशी धरला. त्यांनी दोनदा ऐकलं. “अगंबाई, मी ‘हो’ केवढा लांब ओढते!” मग थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.” नाव कुठे येऊ नये एवढीच त्यांची अट होती. या लेखाला त्यांनीही होकार दिला, वाचून घेतल्यावर. मिस्त्रींनी यापुढे कूलरची मजुरी घेणार नाही म्हटलं, ते त्यांनी ऐकून घेतलं नाही. आता घरात कॅमेरा नेण्याआधी मी एका कागदावर लिहून घेते: कोणाचा चेहरा दिसेल, कोणाचा आवाज येईल, नको वाटलं तर कधी काढून टाकू.

मार्च 2025 मध्ये मिस्त्री आजींचा कूलर काढायला गेले तेव्हा मुलगाही सोबत होता, सुट्टी होती म्हणून. पंप याही वर्षी पाणी ओढत नव्हता. मिस्त्रींनी तो तळहातावर उलटा केला. आजी दारातून म्हणाल्या, “चालू आहे का रे ते?” मुलाने मोबाइल दाखवला, बंद होता, आणि खिशात ठेवला. मग त्यांनी विचारलं, “सापडलं का हो?”